जीलिबसी आणि हर्ड: फक्त रीकंपाइल करून भागत नाही

कुणी म्हणेल की सी लायब्ररी (सी प्रोग्रामना लागणारी मूळ फंक्शनं; ग्नूची ती जीलिबसी) पोर्ट करायची, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमवर न्यायची, तर फक्त सिस्टिम कॉलचे (कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, काम मागणाऱ्या कॉलचे) नंबर बदलायचे आणि रीकंपाइल करायचं. कर्नल लिनक्सच असेल आणि फक्त प्रोसेसर नवा असेल, तर काम तुलनेने सोपं असतं हे खरं. पण ग्नू हर्ड ही ऑपरेटिंग सिस्टिम बघा. तिथे फाइल सिस्टिम, नेटवर्क, प्रोसेसची नोंद हे सगळं माक मायक्रोकर्नलच्या (मोजकीच कामं करणाऱ्या छोट्या कर्नलच्या) बाहेर, वेगवेगळ्या सर्व्हरमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रोग्राममध्ये, चालतं. त्यामुळे फाइल उघडायला साधं open() केलं तरी जीलिबसी फाइल सिस्टिमच्या सर्व्हरला मेसेज पाठवते. वाटेत दुसऱ्या सर्व्हरची हद्द लागली, तर पुढचा पत्ता घेऊन त्याला विचारते. प्रोसेसची प्रत बनवणारा fork() तर लायब्ररीतच लिहिलाय: नवा टास्क (माकमधली प्रोसेसची चौकट) बनवा, माकच्या पोर्टचे (मेसेज पाठवायच्या वाटांचे) हक्क कॉपी करा, थ्रेडची (प्रोसेसमधल्या चालत्या धाग्याची) स्थिती बसवा. सिग्नल (प्रोसेसला दिलेली सूचना, जसं 'थांब') पोचवायलाही प्रत्येक प्रोसेसमध्ये जीलिबसीचा वेगळा थ्रेड असतो. माझ्या मते या पोर्टचा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात अवघड भाग हाच.

शिवाय हर्डवर PATH_MAX (फाइलच्या पाथची कमाल लांबी सांगणारा स्थिरांक) नाहीच, कारण पाथच्या लांबीला ठरावीक मर्यादा नाही. तो गृहीत धरणारा कोड तिथे कंपाइलच होत नाही. असा कोड दुरुस्त करणारे पॅच (छोटे बदल) कृपया स्वतःजवळ ठेवू नका, मूळ प्रकल्पाकडे पाठवा. बफर (पाथ साठवायची मेमरीतली जागा) गरजेप्रमाणे वाढवणारा कोड लिनक्सवरही जास्त सुरक्षित ठरतो.