१९७७ची आशा फोल ठरली, असे म्हणता येईल का?

धागाकर्ता : मार्च १९७७मध्ये आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत इंदिरा गांधी हरल्या आणि जनता पक्षाचे सरकार आले, तेव्हा मी विशीत होतो. ते सरकार जुलै १९७९मध्ये कोसळले आणि जानेवारी १९८०मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागा जिंकून परतल्या, तेव्हा तुमच्या पिढीच्या त्या आनंदाला काय अर्थ उरला, असे तरुण मंडळी मला नेहमी विचारतात. हा हिशेब मला मान्य नाही. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी लागू झाली, तेव्हापासून विरोधी नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी होती, आणि एप्रिल १९७६मध्ये तर अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची वाटही सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या एच. आर. खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले. घटनादुरुस्ती करून लोकसभेची मुदत सहा वर्षांची झाली होती. हे दिवस संपतील असे आम्हांला वाटतच नव्हते. म्हणून रायबरेलीत खुद्द पंतप्रधान पराभूत झाल्याचे कळले, तेव्हा आम्हांला झालेला आनंद कोणा एका पक्षाच्या विजयाचा नव्हता. मतपेटीला अजून वजन आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते.

प्रतिसाद १ : काका, तुमच्या भावनेचा आदर राखून म्हणतो, हे चित्र शहरी सुशिक्षितांचे आहे. उत्तर भारतातले मतदार मुख्यतः सक्तीच्या नसबंदीवर चिडले होते, लोकशाहीच्या तत्त्वासाठी ते मतदानाला गेले नव्हते. दक्षिणेत तर आंध्र प्रदेशाने ४२पैकी ४१ जागा काँग्रेसला दिल्या. याला साऱ्या देशाचा कौल कसे म्हणणार?

धागाकर्ता : दक्षिणेचा मुद्दा खरा आहे, तो नाकारत नाही. परंतु नसबंदीचा राग तत्त्वापेक्षा कमी प्रतीचा, हे मला अजिबात पटत नाही. ज्या माणसाला स्वतःच्या शरीराविषयीही नाही म्हणता येत नव्हते, त्याने संधी मिळताच मतपत्रिकेवर नाही म्हटले. नागरी स्वातंत्र्य याहून वेगळे काय असते? शिवाय त्या निकालातूनच १९७८ची ४४वी घटनादुरुस्ती झाली. आणीबाणी लावण्याचे ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण जाऊन तिथे ‘सशस्त्र उठाव’ आला, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक ठरला (१९७५ साली मंत्रिमंडळाला कळले ते राष्ट्रपतींची सही झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी), आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरले. सरकार गेले, पण ही दुरुस्ती आजही घटनेत आहे.

प्रतिसाद २ : याच दुरुस्तीचे तिसरे कलम मात्र तुम्ही गाळलेत. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत, म्हणजे खटल्याशिवाय केवळ खबरदारी म्हणून अटकेत ठेवताना, सल्लागार मंडळाच्या (अशी अटक योग्य आहे का, हे तपासणाऱ्या मंडळाच्या) मताशिवाय कोणाला तीन महिन्यांऐवजी दोनच महिने ठेवता येईल, अशी ती तरतूद होती. संसदेने ती संमत केली, परंतु ती लागू करणारी अधिसूचना जनता सरकारने काढली नाही आणि त्यानंतरच्या एकाही सरकारने काढली नाही. उलट १९८०मध्ये अशाच स्थानबद्धतेची मुभा देणारा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. ज्यांनी स्वतः स्थानबद्धता भोगली, त्यांनीच सत्तेत बसल्यावर हे काम अर्धे सोडले. आशा खोटी होती असे मी म्हणत नाही. निवडून दिल्यानंतर तुमच्या पिढीने त्यांच्यामागे पुरेसा तगादा लावला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

धागाकर्ता : तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा आहे. मात्र ती अधिसूचना आजही काढता येईल, त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. आपल्या खासदारांना याविषयी पत्र लिहायला माझी तयारी आहे. तुम्ही मसुदा करणार असाल, तर माझी सही त्यावर पहिली असू द्या.