अपडेटनंतर फोनने रात्री आपोआप रोमिंग डेटा ओढला. १८,९०० रुपये मी का भरू?

रावेरचा केळीवाला
माझी केळीची बाग आहे, जोडीला थोडी निर्यात. फेब्रुवारीत सहा दिवस दुबईला गेलो होतो. फोनमध्ये दोन सिम. इथलं पोस्टपेड फक्त बँकेच्या ओटीपीसाठी चालू, त्याचा रोमिंग डेटा बंद. इंटरनेटसाठी तिथलं सिम घेतलं, २० जीबीचं.

चौथ्या रात्री फोनने सॉफ्टवेअर अपडेट घेतलं आणि स्वतःच बंद होऊन चालू झाला. सकाळी उठून बघतो तर डेटाचं सिम बदलून इथलं झालेलं, रोमिंगचं बटण चालू. दिवसभर मार्केटात काढलेले खोक्यांचे आणि फण्यांचे व्हिडिओ रात्री २:१० पासून तासाभरात त्याच सिमवरून बॅकअपला चढले. डेटा वापराच्या पानावर त्या सिमपुढे १.८५ जीबी. बिल आलं ते असं: १,८९० एमबी, एमबीला १० रुपये, म्हणजे १८,९००. वर १८ टक्के जीएसटी. माझा महिन्याचा प्लॅन ३९९ चा!

कस्टमर केअर म्हणतं, 'सर, वापर तुमच्याच सिमवरून झालाय.' सिम माझंच आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण बंद केलेलं बटण मी चालू केलं नाही. बटण बंद ठेवणं म्हणजे माझा नकारच होता. नकार दिलेल्या गोष्टीचे पैसे मी का द्यायचे?

धुळ्याचा जुना बिलिंगवाला
दादा, राग मानू नका. मी सहा वर्षं बिलाच्या तक्रारी घेतल्या आहेत. तुमच्या फोनमध्ये काय बिघडलं हे मोबाइल कंपनीला दिसत नाही. सिमने डेटा मागितला आणि नेटवर्कने दिला, एवढंच तिला दिसतं. परदेशी नेटवर्कला तिला त्याचे पैसे मोजावे लागतात. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर अडकला आणि मोटार रात्रभर चालली, तर वीज कंपनी युनिट माफ करते का? बिघाड मोटारीचा, मोटार तुमची. शिवाय बॅकअपला मोबाइल डेटाची परवानगी कोणी दिली होती?

रावेरचा केळीवाला
परवानगी मीच दिली होती. तिथल्या सिमवर २० जीबी होतं म्हणून. ते मी लपवत नाही.

पण मोटारीचं उदाहरण तुम्ही दिलंत तर पुरतं द्या. लोड वाढला की स्टार्टर ट्रिप होतो, नाहीतर मोटार जळते. पोस्टपेडला तसा ट्रिप म्हणजे क्रेडिट लिमिट. माझ्या बिलावर ती ३,००० छापलेली आहे. मग ३,००० ला गाडी का थांबली नाही? सहापट पुढे जाईपर्यंत तुमचं यंत्र काय करत होतं?

धुळ्याचा जुना बिलिंगवाला
रोमिंगच्या नोंदी परदेशी नेटवर्ककडून उशिरा येतात. तासाभरात १.८५ जीबी गेलं, तोवर इकडे कळणारच नाही.

भुसावळचा नेटवर्क इंजिनिअर
कॉलच्या बाबतीत हे खरं आहे. डेटाच्या बाबतीत मला पटत नाही. रोमिंगमध्ये डेटा बहुतेक वेळा घरच्या नेटवर्कमधूनच फिरून जातो. म्हणजे दुबईत व्हिडिओ चढला तरी एकेक एमबी इथल्या कंपनीच्या डोळ्यासमोरून जातो. थांबवायचं मनात असेल तर थांबवता येतं. प्रीपेडवाल्याचा बॅलन्स संपला की डेटा त्याच मिनिटाला बंद होतोच ना?

नंदुरबारची शिक्षिका
मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं, पण तुम्ही सगळे चुकीच्या माणसाला धरताय असं वाटतं. बटण कोणी फिरवलं? फोनच्या सॉफ्टवेअरने. मग फोन बनवणाऱ्याला धरा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारं वेगळं प्रकरण आहे. मोबाइल कंपनीशी भांडून काय मिळणार?

भुसावळचा नेटवर्क इंजिनिअर
ताई, दोन जुनी प्रकरणं सांगतो. २०१२ मध्ये आयफोन ५ नवा होता तेव्हा अमेरिकेत व्हेरायझन या मोबाइल कंपनीच्या ग्राहकांचे फोन वाय-फायला जोडलेले असतानाही मोबाइल डेटा वापरत होते. ॲपलने दुरुस्ती पाठवली आणि व्हेरायझनने जाहीर केलं की अशा नाहक डेटाचे पैसे ग्राहकांना पडणार नाहीत. दोष फोनचा होता, तरी बिल नेटवर्कने सोडलं.

२०१५ चं प्रकरण वेगळं. आयफोनच्या आयओएस ९ या सॉफ्टवेअरमध्ये 'वाय-फाय असिस्ट' आलं. वाय-फाय कमजोर झालं की फोन मोबाइल डेटावर जायचा, आणि ही सोय मुळातच चालू असायची. ॲपलवर ५० लाख डॉलरहून जास्त रकमेचा दावा लागला. ॲपलचं म्हणणं, ही सोय आहे, नको तर बंद करा, आणि डेटा रोमिंगवर ती चालतच नाही. म्हणून चूक आणि सोय यांत फरक करावा लागतो. रावेरच्या भाऊंनी बंद केलेलं बटण अपडेटने चालू केलं, ही सरळ चूक आहे.

चोपड्याचा मोबाइल दुकानदार
भाऊ, तुमनं म्हननं माले पटनं. पण फोन रिसेट करू नका! माझ्याकडे लोक आधी रिसेट मारून येतात आणि मग पुरावा शोधतात. अपडेटची तारीख, व्हर्जन नंबर, सिमनिहाय डेटा वापर, बॅकअप ॲपचा वापर, सगळ्यांचे स्क्रीनशॉट आजच काढा. काही फोनमध्ये महिन्याचा आकडा पुढच्या चक्राला पुसला जातो.

रावेरचा केळीवाला
काढले सगळे. एक गंमत नाही, त्रासच सांगतो. केअरवाला म्हणाला, 'तुमचा स्क्रीनशॉट २:१० चा आणि आमची नोंद ३:४० ची, म्हणजे हा वापर वेगळा.' अर्धा तास समजावलं की दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मग म्हणे, लेखी पाठवा.

जळगावची वकील
लेखी पाठवाच, आणि क्रमाने जा. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार आणि तिचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील. त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, पत्र लिहून उपयोग नाही, ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २००९ च्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असं कंपन्या सांगायच्या. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ ला तो मुद्दा निकाली काढला, चालतात. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. दुबईचा वापर म्हणून दुसरीकडे कुठे जायची गरज नाही.

नंदुरबारच्या ताईंचा मुद्दा टाकून देऊ नका. आयोगात गेलात तर मोबाइल कंपनी आणि फोन उत्पादक दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. आणि वाद नसलेली रक्कम थकवू नका.

धुळ्याचा जुना बिलिंगवाला
वकील ताईंचा रस्ता बरोबर आहे. तरी माझं मत तेच, हा हक्क नाही, सवलत आहे. सवलत म्हणून मागितलीत तर निम्मं माफ होऊ शकतं, मी स्वतः करून दिलंय. हक्क म्हणून भांडलात तर फाइल वर जाते आणि वरचा माणूस फक्त नोंद बघतो. फक्त क्रेडिट लिमिटच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तेवढं मान्य करतो.

रावेरचा केळीवाला
निम्मं माफ म्हणजे निम्मं माझ्या माथी. नऊ हजारांत माझ्याकडे केळी कापणाऱ्या मजुरांची कितीतरी रोजंदारी निघते. ते मी सवलत म्हणून घेणार नाही.

प्लॅनचे ३९९ आणि त्यावरचा जीएसटी, ४७१ रुपये आज भरले, पावतीवर 'उरलेली रक्कम वादात' असं लिहून मेल केला. तक्रारीत तीनच मुद्दे ठेवले: अपडेटची वेळ, दीड तासाचा फरक, आणि बिलावर छापलेली ३,००० ची मर्यादा. डॉकेट नंबर मिळालाय. उत्तर आलं की इथेच टाकतो.