स्वयं-संग्रहणाची सेवा वापरायला सोपी आहे का, हे कसे तपासावे?

प्रश्न : महाविद्यालयीन ग्रंथपाल, फोंडा
आमच्या ग्रंथालयाने डीस्पेस या संगणकप्रणालीवर संशोधनलेखांचे ऑनलाइन भांडार उभारले आहे. प्राध्यापकांनी आपापले लेख स्वतः चढवावेत (हेच स्वयं-संग्रहण) अशी अपेक्षा असली, तरी बहुतेक जण पेन ड्राइव्ह हातात देऊन ‘तुम्हीच घाला’ म्हणतात. प्रश्नावली वाटली, तेव्हा सर्वांनी ‘उत्तम’वर खूण करून ती परत केली. याहून विश्वासार्ह पद्धत कोणती?

उत्तर : माहितीशास्त्राचे अध्यापक, पणजी
ज्यांनी सेवा वापरलेलीच नाही त्यांच्या समाधानाला फारसा अर्थ नाही. चार-पाच प्राध्यापकांना एकेकटे बोलवा आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत स्वतःचाच एक लेख चढवायला सांगा. आपण शेजारी बसायचे, पण मदत करायची नाही (ग्रंथपालाला हेच सर्वांत जड जाते). काम पुरे झाले का, वेळ किती लागला आणि माणूस कुठे थबकला, एवढे टिपा. त्यानंतर लगेच जॉन ब्रुक यांची १० विधानांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही वापरसुलभता मोजणारी प्रश्नावली भरून घ्यावी. तिचे गुण ० ते १०० असले, तरी ती टक्केवारी नव्हे; ६८च्या आसपासचे गुण सरासरी मानले जातात.

उत्तर : भांडार-व्यवस्थापक, ताळगाव
माझ्या अनुभवात दोन जागा हमखास अडवतात. पहिली परवान्याची : प्रकाशकाने छापलेली पीडीएफ चढवायची की स्वीकृत हस्तलिखित (प्रकाशनासाठी स्वीकारलेली, पण प्रकाशकाने अजून न मांडलेली लेखकाची प्रत), हे तिथे कुणी सांगत नाही, आणि कायद्याच्या भीतीने माणूस खिडकी बंद करतो. दुसरी लेखकाच्या नावाची. आपल्याकडे ‘नाईक’ हे आडनाव रोमन लिपीत कुणी शेवटी ‘के’ लावून लिहितो, तर कुणी पोर्तुगीज वळणाने ‘क्यू-यू-ई’ लावून. त्यामुळे एकाच लेखकाचे लेख यादीत दोन नावांखाली विखुरतात. ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) जोडण्याची सोय असल्यास हा घोळ बराच आवरतो.

प्रश्नकर्ते, फोंडा
आभारी आहे. चाचणीसाठी पेन ड्राइव्ह देणाऱ्यांनाच बोलवावे का?

उत्तर : माहितीशास्त्राचे अध्यापक, पणजी
आधी त्यांनाच. शिवाय प्राध्यापक लेख चढवणार वर्षातून एक-दोनदा. म्हणून वेगापेक्षा रीत लक्षात राहते का, हे अधिक महत्त्वाचे ठरते. त्याच मंडळींना पुढच्या सत्रात पुन्हा बसवावे आणि मधल्या काळात त्यांना कोणतीही माहितीपुस्तिका देऊ नये.