२७ फेब्रुवारीच्या फलकावर कवींची कुठली नावं?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. मराठी भाषा गौरव दिनासाठी गेटजवळ लेखक-कवींच्या नावांचा फलक लावतोय. टोपणनावं लिहायची की खरी? उद्या प्रिंटिंगला द्यायचंय, आजच सांगा.

बी-३०४: खरी लिहा. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, हे मुलांना कळायला नको?

ए-१०२: 'त्र्यंबक बापूजी ठोंबरे' वाचून कुणाला औदुंबर आठवणार? बालकवीच लिहा. शाळेपासून तेच तोंडात आहे.

बी-३०४: अहो पण ते काही त्यांचं नाव नव्हे ना.

सी-५०१ काकू: दादा, खरं नाव म्हणायचं तरी कुठलं? ज्यांच्या वाढदिवशी आपण कार्यक्रम करतोय त्या कुसुमाग्रजांचंच घ्या. जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांना दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. ही दोन्ही नावं घरच्यांनी दिलेली. तिसरं त्यांनी स्वतः घेतलं, धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या नावावरून. 'विशाखा'वर १९४२ साली हेच नाव आलं. फलकावर तेच मोठं हवं, असं मला मनापासून वाटतं.

ए-१०२: अगदी बरोबर काकू 🙏 बालकवींना मात्र ते नाव लोकांनी दिलं. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात. वय जेमतेम सतरा!

डी-२०३: आरती प्रभू या बाई ना? बायकांच्या रांगेत टाकू का?

ए-१०२: नाही हो. चिं. त्र्यं. खानोलकर, आपले कोकणातले. आणि उलटंही झालंय. शांता शेळक्यांनी 'वसंत अवसरे' नावानं गाणी लिहिलीत.

डी-२०३: बरं झालं विचारलं.

सी-५०१ काकू: बायकांच्या नावांवरून एक सांगते, थोडं लांबेल. 'कळ्यांचे निःश्वास' आलं १९३३ साली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते एका बाईनं सरळ लिहिलं होतं. केवढी खळबळ! ही विभावरी शिरूरकर कोण, बाई की बुवा, याचाच शोध सुरू झाला. ते नाव घेतलं नसतं तर गावानं त्यांना सुखानं जगू दिलं नसतं. पुरुषांनी टोपणनाव हौसेनं घेतलं असेल, यांना ते पांघरूण म्हणून लागलं. आणि लक्ष्मीबाई टिळक बघा. माहेरच्या मनू गोखले, लग्न झालं आणि लक्ष्मी झाल्या. कुणी विचारलं होतं का त्यांना? 'स्मृतिचित्रे' आपण त्या दिलेल्या नावानं वाचतो. विभावरी हे नाव निदान त्या बाईनं स्वतः निवडलं. ते कंसात बारीक टाकू नका.

ए-४०४ आजी: माझं पण लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहिलं. माहेरचे अजून बेबीच म्हणतात. काकूंचं पटलं.

बी-३०४: पटलं काकू. टोपणनाव मोठं, खाली दुसरं नाव लहान. मी कॉम्प्युटरवर करून देतो.

सेक्रेटरी: छान. ग्रेसच्या खाली माणिक गोडघाटे, गोविंदाग्रजांच्या खाली राम गणेश गडकरी. गडकऱ्यांचं 'बाळकराम' पण घालू का?

ए-१०२: घालाच, विनोदी लेखन त्याच नावानं आहे. आणि केशवकुमार म्हणजे आचार्य अत्रे, ते विसरू नका.

बी-३०४: विभावरींच्या खाली मालतीबाई बेडेकर लिहितो.

सी-५०१ काकू: पुस्तक आलं तेव्हा त्या बाळूताई खरे होत्या. लग्न १९३८ चं. दोन्ही नावं घ्या.

बी-३०४: ओळ मावत नाहीये काकू.

सी-५०१ काकू: मग वरचा सोसायटीचा लोगो लहान करा.

सेक्रेटरी: केला 👍 प्रूफ रात्री नऊपर्यंत टाकतो. ऱ्हस्व-दीर्घ काकू बघतील.