मदत हवी आहे: आजीच्या नऊवारींची गोधडी

नमस्कार मंडळी,

माळ्यावरची ट्रंक उघडली तर आजीची सुती लुगडी निघाली. काठ अजून दणकट आहेत, पण पोत इतका विरलाय की बोट लावलं तरी फाटतं. बोहारणीला द्यायचं मन होत नाही (आणि हल्ली ती येते कुठे!), म्हणून गोधडी शिवायचं ठरवलंय.

हिशोब असा केलाय: नऊवार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. दोन-दोन मीटरचे चार तुकडे निघतात. पन्हा पंचेचाळीस इंच, म्हणजे एकट्याला पांघरायला पुरे. वरून-खालून धड कापड आणि मधे विरलेलं भरायचं, हे कळतं. अडतंय ते पुढे. मधे किती थर घालू? जास्त घातले तर सुई जाणार नाही, कमी घातले तर थंडीत काय उपयोग? धावदोरा कडेने सुरू करून आत यायचं की मधून बाहेर? आमच्याकडे दोन काकू, दोन मतं. दोरा दुहेरी घेऊ का? आणि थर सरकू नयेत म्हणून आधी कच्चे टाके घालता का?

काठ मात्र वेगळे काढून चारी बाजूंनी पट्टीसारखे लावायचे आहेत. धुतल्यावर आटून चुण्या पडतील का?

ट्रंकेत नायलॉनच्या पाचवारीही आहेत. त्या गोधडीत नकोतच, घाम शोषत नाहीत. पायपुसणी आणि बाजाराच्या पिशव्यांपलीकडे काही सुचतंय का कुणाला? पुण्यात हाताने गोधडी शिवून देणाऱ्या बायका माहीत असतील तर तेही सांगा.