मराठी लेखनासाठी जपानी फाउंटन पेन: पायलट, सेलर की प्लॅटिनम? निब कोणती?

बोरू_ते_निब (कोल्हापूर)
रोज आठ-दहा पानं मराठी लिहितो, तीही साध्या रेघी रजिस्टरवर. पायलट काकुनोची एफ (फाइन, बारीक) निब चांगली चालते, आता सोन्याच्या निबचं पेन घ्यायचं आहे. पायलट कस्टम 74, सेलर प्रो गिअर स्लिम आणि प्लॅटिनम 3776 सेंच्युरी ही तीन डोक्यात आहेत. प्रश्न असे: एफ घ्यावी की एम (मीडियम, मध्यम)? सेलरची 21 कॅरेटची निब 14 कॅरेटपेक्षा खरंच मऊ असते का? आणि पावसाळ्यात शाई फुटते, तो दोष निबचा की कागदाचा?

महाद्वार_दौत
कॅरेटचं आधी मिटवून टाकू. 14 कॅरेटमध्ये साधारण 58.5 टक्के सोनं, 21 कॅरेटमध्ये 87.5 टक्के. पण निब लवचिक असणं सोन्याच्या टक्क्यावर नाही, तर पत्र्याची जाडी, फाट्यांची (निबच्या चिरेच्या दोन बाजूंची) लांबी आणि निबचा बाक यांवर ठरतं. कागदाला तर सोनं टेकतही नाही, टेकतो तो टोकावर जोडलेला कठीण मिश्रधातूचा मणी. हाताला जे जाणवतं ते त्या मण्याच्या घासणीतून येतं. शिवाय प्रो गिअर स्लिमला 14 कॅरेटचीच निब येते, 21 कॅरेट हवी तर मोठं प्रो गिअर किंवा 1911 लार्ज बघावं लागेल.

तिघांच्या हाताचा फरक मात्र स्पष्ट आहे. पायलट सगळ्यांत गुळगुळीत, शाईही भरपूर सोडतं. सेलरला पेन्सिलसारखी बारीक कुरकुर असते. ती मुद्दाम ठेवलेली आहे, दोष समजून घासायला घेऊ नका. प्लॅटिनमची निब वरून चपटी आणि बरीच ताठ, त्यामुळे जोर देऊन लिहिणाऱ्याच्या हातातही रेघ जाड होत नाही.

आता जाडी. जपानी एफ युरोपीय ईएफच्या (एक्स्ट्रा फाइन) जवळ जाते, रेघ साधारण 0.3 ते 0.35 मिमी. 8 मिमीच्या ओळीत मराठी अक्षराचा मधला भाग 4 मिमीच्या आसपास बसतो, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. तिथे 0.5 मिमीची रेघ आली की ‘क्ष’, ‘ष’, ‘द्ध’ यांच्या पोकळ्या भरून जातात आणि अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. म्हणून साध्या रजिस्टरवर एफच. एम घ्यायची तर कागदही चांगला लागेल.

माझं मत: रोज लिहिणार असाल तर कस्टम 74, एफ. त्यात कॉन-70 कन्व्हर्टर (बाटलीतून शाई ओढून घेणारी नळी) बसतो, शाई 1 मिलीच्या आसपास मावते. काकुनोसोबत वापरतात तो कॉन-40 त्याच्या निम्म्याहूनही कमी घेतो. दहा पानं लिहिणाऱ्याला हा फरक रोज जाणवेल.

गुजरीचं_भिंग
दादांशी बहुतेक सहमत, पण प्लॅटिनमची बाजू मांडतो. 3776 सेंच्युरीच्या टोपणात स्प्रिंगवर बसलेलं आतलं टोपण असतं, ते निबभोवती घट्ट बसतं. महिनोन्महिने पडून राहिलेलं पेनही पहिल्या अक्षराला चालतं. दोन-तीन पेनं आलटून-पालटून वापरणाऱ्याला हे मोलाचं आहे. 3776 हा आकडा फुजी पर्वताच्या उंचीचा, मीटरमध्ये. एसएफ (सॉफ्ट फाइन) निबच्या मोहात मात्र पडू नका. ती जोर दिला की पसरते, आणि जोडाक्षरात हात नकळत दाबला जातोच.

निब कोणतीही घ्या, शाई भरायच्या आधी तपासा. गुजरीत सोनार वापरतात तसलं दहापट भिंग पुरतं. निब समोरून बघायची: दोन्ही फाटे एका पातळीत हवेत आणि चीर टोकाकडे अरुंद होत गेलेली हवी. मग शाई भरून, अजिबात जोर न देता इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. एकाच दिशेला टोचत असेल तर फाटे वर-खाली आहेत. उंच असलेला फाटा नखाने हलकेच खाली दोन-तीन सेकंद दाबून धरा, सोडा, पुन्हा भिंगातून बघा. एका वेळी इतकंच. सगळ्या दिशांना सारखंच खरखरलं तर बहुधा शाई कमी येतेय किंवा ती निबची मूळ घासणी आहे.

तिसरा दोष फसवा असतो. निब गुळगुळीत लागते, पण शिरोरेघेची सुरुवात कोरी राहते आणि जरा दाबलं की शाई येते. मण्याच्या आतल्या कडा जास्त गोल झाल्यामुळे चिरेतली शाई कागदाला टेकतच नाही. हे नखाने सुटत नाही. पेन दुकानदाराकडे परत द्या. पॉलिश पेपर घरी अजिबात नको, जपानी एफचा मणी इतका लहान असतो की चार फेऱ्यांत त्याचा आकार बिघडतो.

बोरू_ते_निब
खूप मदत झाली. मग कस्टम 74 एफ नक्की. पावसाळा आणि शाईचं कुणी सांगेल का?

राजारामपुरी_रजिस्टर
भावा, दोष कागदाचाच. इथल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद ओल धरतो, वरची खळ सैल पडते आणि शाई तंतूंमधून धावते. लिहायचं रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, शक्य झालं तर 70 ते 80 जीएसएमचा (जरा जाड) कागद घ्या. एवढ्यानेच निम्मा त्रास जातो.

पायलट ओलं लिहितं, म्हणजे शाई भरपूर सोडतं, म्हणून शाई कोरडी, म्हणजे कमी वाहणारी हवी. लोहयुक्त शाई साध्या कागदावर कमी फुटते आणि पाण्यालाही टिकते. प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक त्याच जातीची. ती पेनात वाळू द्यायची नाही आणि महिन्याला पेन धुवायचं. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई कधीच भरू नका. त्यातली लाख जिभेच्या (निबखालच्या, शाई आणून देणाऱ्या भागाच्या) बारीक खाचांत वाळते आणि पेन कायमचं बसतं.

नवं पेन आधी धुवा. पेलाभर साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, कन्व्हर्टरने पाच-सहा वेळा आत-बाहेर, मग फेस जाईपर्यंत नुसतं पाणी. गरम पाणी किंवा स्पिरिट लावू नका. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं धुणं बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने करा. निब खाली करून टिपकागदावर रात्रभर ठेवा आणि सकाळी शाई भरा. आत पाणी राहिलं तर पहिली दोन पानं फिकी उमटतात.