खेळांगणे घडवणारा घरचा व्यवसाय: तिसऱ्या पिढीने नेमके काय पुढे न्यावे?

प्रश्न: तिसरी पिढी, फोंडा

नमस्कार. मुलांची खेळांगणे आखून उभारण्याचा आमचा घरचा व्यवसाय आहे आणि त्याच्या पुढच्या वाटचालीविषयी जाणकारांचे मत हवे आहे. आजोबा सुतार होते. गोवा मुक्त झाल्यावर गावोगावी मराठी प्राथमिक शाळा सुरू झाल्या, त्या काळात शाळांची बाके करता करता ते आवारासाठी किंदळाच्या खांबांचे झोके आणि सी-सॉही करू लागले. बाबांनी लाकूड सोडून लोखंडी पाइप धरला, वेल्डिंगचे दुकान काढले आणि घसरगुंड्या, जंगलजिम, फिरती चक्रे पेडण्यापासून काणकोणापर्यंत पोचवली. मी डिझाइनचे शिक्षण घेऊन घरी परतले असून आराखडे आता मी काढते.

अडचण अशी की गेल्या काही वर्षांत निविदा असो वा गृहनिर्माण सोसायटीची मागणी, सगळीकडे कॅटलॉगमधला लाल-पिवळा प्लास्टिकचा बुरूजच मागितला जातो. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवते आणि ‘असेच हवे’ म्हणते. अशा तयार सामानाची एजन्सी घेण्याचा प्रस्तावही आमच्याकडे आला आहे. त्यात नफा ठरलेला, कारागिरांची काळजी नाही आणि दुकानाचा अर्धा भाग भाड्याने देता येईल. बाबा नाखूश आहेत, पण नको असेही म्हणत नाहीत. भाऊ नोकरीत आहे; व्यवसायात येणार नाही, मात्र वाटा सोडणार नाही असे त्याने स्पष्ट सांगितले आहे, आणि त्यात मला गैर वाटत नाही.

आजोबांचे लाकडी फर्मे, म्हणजे मापाचे साचे, आजही भिंतीवर टांगलेले आहेत. त्यांतले आज उपयोगाचे काय आणि नुसते आठवण म्हणून ठेवण्याचे काय, हे मला ठरवायचे आहे. एवढ्या लहान घराला स्वतःचे डिझाइन धरून राहणे झेपते का?

उत्तर: वास्तुरचनाकार, पणजी

ताई, एजन्सी की डिझाइन, असा प्रश्न मांडलात तर उत्तर चुकीचे येईल. आल्डो व्हान आइक या डच वास्तुरचनाकाराने 1947 ते 1978 या काळात ॲमस्टरडॅममध्ये सातशेहून अधिक खेळांगणे केली, आणि त्यांतली साधने मोजकीच होती: काँक्रीटच्या काठाचा वाळूचा हौद, उड्या मारण्यासाठी गोल ठोकळे, कोलांटउड्यांसाठी वाकवलेल्या नळ्या, चढण्यासाठी कमानी. नवेपणा होता तो जागेनुसार केलेल्या मांडणीत. युद्धात घरे पडून रिकाम्या राहिलेल्या जागांपासून चौकाच्या कोपऱ्यापर्यंत मिळेल ती जागा त्याने वापरली. तुमचे फर्मे म्हणजे अशीच मोजकी साधने होत. ती कायम ठेवा आणि प्रत्येक आवाराची मांडणी नव्याने करा. कॅटलॉगवाल्याला नेमके हेच जमत नाही, कारण तो आवार पाहायला येतच नाही.

पिढ्यांबरोबर सामान बदलणे यातही नवल नाही. बर्लिनमधला एक कारखाना 1865 पासून पोलादी दोर वळत होता, लिफ्टसाठी लागतात तसे. 1970 च्या दशकात त्याच दोरांच्या चढण्याच्या जाळ्या होऊ लागल्या आणि आज तो त्यासाठीच जगभर ओळखला जातो. माल बदलला, दोर वळण्याची विद्या तीच राहिली. तुमच्याकडे अशी विद्या कोणती, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेले नाही. मला वाटते ती फर्म्यांपेक्षा बाबांच्या डोक्यात जास्त असावी.

उत्तर: बांधकाम खात्यातून निवृत्त अभियंता, मडगाव

वरच्या शेवटच्या वाक्याला धरून लिहितो. गोव्यात वर्षाला सुमारे तीनशे सेंटिमीटर पाऊस पडतो, किनाऱ्यावर खारा वारा बारा महिने असतो, आणि खेळाचे साधन मरते ते बहुधा एकाच ठिकाणी: खांब जिथे जमिनीत शिरतो तिथे. वरून रंग चकचकीत असतो, पण पायथ्याशी हातोडीने हलकेच ठोकल्यास खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो आणि रंगाखालून तांबूस पापुद्रे सुटतात. परदेशी कॅटलॉगमधले ‘गॅल्व्हनाइज्ड’ (जस्ताचा मुलामा दिलेले) हे विशेषण वाचून कोणी निश्चिंत होऊ नये. आधी सगळे वेल्डिंग आणि भोके पूर्ण करून मग वितळलेल्या जस्तात बुडवलेला सांगाडा टिकतो, आधीच जस्त चढवलेला तयार जी. आय. पाइप आणून वेल्ड केला तर सांध्यापाशी जस्त जळून जाते आणि गंज तिथूनच सुरू होतो. समुद्राजवळ स्टेनलेस स्टीलही 304 प्रतीचे असल्यास डाग धरते. 316 प्रतीत मॉलिब्डेनम असल्यामुळे ते बरेच तग धरते. तुमच्या वडिलांना कोणत्या गावात काय किती वर्षे टिकले हे ठाऊक असणार. ते लिहून काढा. ग्रामपंचायतीला देखभालीचा करार देताना त्या वहीइतके वजन कोणत्याही रंगीत पुस्तिकेला नाही.

आता जुन्या रचनांविषयी थोडे कठोर बोलतो. पूर्वी झोक्याच्या खांबाभोवती चिऱ्यांचा किंवा काँक्रीटचा उंचवटा करीत, म्हणजे पाणी साचत नसे. खांब वाचत असे, पण पडलेल्या मुलाचे डोके त्याच कडेवर आपटे. खेळसाधनांसाठीच्या ईएन 1176 या युरोपीय मानकाप्रमाणे वाळूसारख्या सैल भरावात पायाचे काँक्रीट पृष्ठभागापासून निदान 400 मिलिमीटर खाली असावे लागते; माथा गोलाकार उतरता असेल तर 200 चालते. म्हणजेच खांब ओल्या वाळूत गाडला जातो, आणि मग खाली खडीचा थर घालून पाण्याला वाट काढून देणे क्रमप्राप्त ठरते. तसेच 89 ते 230 मिलिमीटरमधली बंदिस्त फट धोक्याची: मुलाचे अंग त्यातून जाते, डोके अडकते. फर्म्यांतल्या शिडीच्या पायऱ्या आणि कठड्याचे गज या मापाने तपासा. पडण्याची उंची तीन मीटरपेक्षा अधिक नको, आणि दोन मीटरपर्यंतच्या उंचीला वाळूचा थर 200 मिलिमीटर, शिवाय मुलांच्या पायांनी वाळू सरकते म्हणून वर आणखी 100. एप्रिलमधली आपली तांबडी जमीन काँक्रीटपेक्षा फारशी मऊ नसते, हे सोसायट्यांना पटवणे हे मात्र खरे कष्टाचे काम आहे.

जाता जाता: पत्र्याची घसरगुंडी उत्तराभिमुख ठेवा आणि माडाखाली कोणतेही साधन बसवू नका. सावलीच्या मोहापायी हे सर्रास केले जाते.

उत्तर: लहान कंत्राटदार, म्हापसा

वरील सगळे मान्य, पण निविदा सर्वांत कमी दराला जाते आणि देखभालीचा रकाना बहुतेक निविदांत नसतोच. मानकाप्रमाणे केलेला झोका बाजारातल्या झोक्यापेक्षा महाग पडणार आणि तुम्ही पहिल्याच फेरीत बाद होणार. म्हणून नगरपालिकांच्या मागे न लागता खासगी शाळा आणि हॉटेले धरा. तिथे निर्णय घेणारी व्यक्ती समोर बसलेली असते. एजन्सीही सरसकट नाकारू नका. प्लास्टिकची घसरगुंडी आपल्या दुकानात होणार नाही, ती विकतच घ्यावी लागेल.

उत्तर: विशेष शिक्षिका, डिचोली

एक मागणी. चाकाच्या खुर्चीतल्या मुलासाठी वाळू म्हणजे भिंतच असते. प्रवेशद्वारापासून निदान एका झोक्यापर्यंत रबरी किंवा घट्ट पृष्ठभागाची वाट ठेवा, झोक्याला पाठ आणि पट्टा द्या, आणि हा झोका बाकीच्यांच्या रांगेतच बसवा, वेगळ्या कोपऱ्यात नको. 2023 च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाल्यापासून या विषयावर गोव्यात निदान ऐकून तरी घेतले जाते. तयार बुरुजांवर आमची मुले चढूच शकत नाहीत. इथे स्थानिक कारागीर हवाच, कारण प्रत्येक मुलाची बसण्याची गरज वेगळी असते आणि ती समोर बसवून मापावी लागते.

उत्तर: वकील, वाळपई

भावाच्या वाट्याचा मुद्दा सगळ्यांनी बाजूला ठेवलेला दिसतो, म्हणून सर्वसाधारण माहिती देतो. गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पतीपत्नीची मालमत्ता सामाईक असते. दुकान वडिलांच्या नावावर असले तरी अर्धे आईचे. वडिलांच्या अर्ध्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो आणि उरलेल्या भागाचेच ते मृत्युपत्राने स्वेच्छेने काही करू शकतात. म्हणजे ‘दुकान लेकीला’ असे वडिलांनी एकट्याने लिहून ठेवले, तरी ते पूर्णतः अमलात येईल असे नाही. हयातीत बक्षीस दिलेली मालमत्ताही पुढे वाटणीच्या हिशेबात धरली जाते. हे विषय आता 2012 च्या गोवा वारसाहक्क कायद्याखाली येतात. व्यवसायाचे उत्पन्न आयकरासाठी पतीपत्नींत समान विभागले जाते, हेही हिशेबनीसाला ठाऊक असू द्या.

माझा सल्ला असा की जागा आणि व्यवसाय वेगळे करावेत. जागा कुटुंबाची राहू द्या, त्यात भावाचा हक्क अबाधित राहील. व्यवसायासाठी वेगळी भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) करून त्याने जागेचे रीतसर भाडे द्यावे. आई हयात असताना, सगळे एकत्र बसून हे लिहून काढलेत तर पुढची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया, सुरळीत होईल.

पुन्हा: तिसरी पिढी, फोंडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिडीचा फर्मा काल उतरवून मापला: दोन पायऱ्यांमधली मोकळी जागा सुमारे 200 मिलिमीटर भरते, म्हणजे नेमकी धोक्याच्या पट्ट्यात, त्यामुळे तो बाद. सी-सॉ आणि लहान झोक्याच्या चौकटीचे फर्मे मात्र किरकोळ बदल करून चालतील असे दिसते. अभियंता काकांनी सुचवलेली वही बाबांनी सांगायची आणि मी लिहायची असे ठरले आहे. किनाऱ्यावरच्या गावांपासून सुरुवात करू. एजन्सी फक्त घसरगुंड्यांपुरती मिळेल का, असे विचारणारे पत्र धाडले आहे. जागेच्या भाड्याला भाऊ तयार आहे. भाडे किती असावे यावर आईचे आणि त्याचे अजून जमत नाही.

शिक्षिकाताईंना एक विचारायचे राहिले. पाठ असलेल्या झोक्याचा पहिला नमुना तुमच्या शाळेत आणून मुलांना बसवून पाहता येईल का? पावसाआधी जमले तर बरे, कारण जूननंतर आमचे जोडकाम आवारात होत नाही.